धीर कुणाला परवडतो?

"टीसीएस, ॲपल, गूगल घ्या आणि वीस वर्षं विसरून जा," हा उपदेश आता आपल्या वस्तीतल्या पोरांच्या मोबाईलवरही येतो. पुरावा म्हणून अमळनेर दाखवतात. 1945 साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, पुढे संगणकात उतरली, विप्रो झाली. ज्यांनी कागद जपले ते कोट्यधीश झाले. खरं आहे. पण आजारपणात, लग्नकार्यातही कागद विकावा लागला नाही अशी घरं कुणाची, हे कुणी विचारत नाही.

आमच्या अहिल्यानगरात पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर हंगामाआधी उचल घेतो. म्हणजे पुढची मेहनत आधीच विकतो. त्याला वीस वर्षांचा धीर शिकवणं ही थट्टा आहे. त्याच शेवगावात शेअरच्या नावाखाली दरमहा घसघशीत परताव्याची लालूच दाखवणारे 2024 मध्ये लोकांचे पैसे बुडवून पळाले!

मग बाजार आमचा नाही का? बाबासाहेबांनी मुंबईत गुंतवणूक सल्ल्याचा व्यवसाय काढला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेना, तो बंद पडला. 'बाजार जात बघत नाही' म्हणणाऱ्यांनी यावर बोलावं.

पगारदार साथींनो, आधी कर्ज फेडा, सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवा. मग स्वतःच्या डीमॅटमध्ये घ्या, एजंटाच्या हाती पैसा देऊ नका. एकाच बड्या कंपनीवरही विसंबू नका. सत्यम धरून बसलेल्यांकडेही धीर होताच; जानेवारी 2009 मध्ये तो शेअर मातीमोल झाला. आणि ऊसतोडीचा दर वाढवून घेण्याच्या लढ्यात डीमॅटवाल्यांनीही उतरायचं आहे. जय भीम.