एक जूनला जन्मलेली माणसे

गेल्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर ‘शिवकालीन दिनविशेष’ लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अक्षर बरे म्हणून. इतिहास बरा म्हणून नव्हे. मी ऐटीत लिहिले : शिवजन्म, १९ फेब्रुवारी १६३०, मंगळवार. वार मोबाईलमधल्या दिनदर्शिकेत पाहिला होता. दुपारी सरांनी मला फलकासमोर उभे केले आणि विचारले, “जेधे शकावलीत शुक्रवार आहे. खोटे कोण? जेधे की तुझा मोबाईल?”

खोटे कोणीच नव्हते, हे कळायला मला आठवडा लागला. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन कालगणना चालवली. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे एकदम १४ सप्टेंबर उजाडला. आपले इतिहासकार शिवकालातल्या तारखा त्या जुन्या पद्धतीने देतात आणि मोबाईल मात्र आजची ग्रेगोरियन पद्धत मागे ओढत नेतो. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे आजच्या पद्धतीने शिवजन्माची तारीख येते १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच पडतो. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, ही नोंद असलेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा वैशाख शके १५४९ ही रूढ तिथी डळमळली. तिथी लिहिताना हात चुकू शकतो. पण तिथीबरोबर वारही जुळला, की नोंदीला साक्षीदार मिळतो.

मग मला दिवस मोजण्याचा नादच लागला. राज्याभिषेक ६ जून १६७४, महानिर्वाण ३ एप्रिल १६८०. मधले दिवस २१२८, म्हणजे बरोबर ३०४ आठवडे. शनिवार ते शनिवार. पण राज्याभिषेकाला शकावली शुक्रवार म्हणते! पुन्हा घोळ? नाही. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. पहाटेच्या त्या क्षणी रायगडावर शुक्रवार होता आणि इंग्रजी हिशेबाने शनिवार लागला होता.

हे समजल्यापासून ‘तिथीने की तारखेने’ या भांडणात मला रस उरलेला नाही. २०२३ साली रायगडावर २ जूनला तिथीने सोहळा झाला, ६ जूनला तारखेने. दोन्हीकडे ‘३५०’ हा आकडा झळकला, आणि पूर्ण झाली होती ३४९ वर्षे! ३५०वे सुरू होत होते, एवढाच त्याचा अर्थ. किती जणांनी तो लक्षात घेतला?

पण माझे खरे भांडण वेगळे आहे. हा सगळा हिशेब मी एका रात्री घरी आजीला सांगत होतो. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “मग आपल्या अक्काचा काढ की.” अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. आमच्या घरात आत्या, काका आणि वडील या तिघांचीही जन्मतारीख १ जून आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही असेल. शाळा जूनमध्ये सुरू होतात. तारीख सांगता न येणाऱ्या आईबापांच्या मुलांना गुरुजींनी एक जून बहाल केला. आत्याचा दाखला सांगतो, १ जून १९६१.

आजी मात्र सांगते, “पानशेतचं पाणी आलं तेव्हा मी पोटुशी होते. अवसेचा दिवस, बुधवार. पुढं पुनव झाली आन् दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अक्का झाली.” पूर आला १२ जुलै १९६१ रोजी. मी जंत्री काढली. बुधवार, अमावास्या. पौर्णिमा २७ जुलैला, गुरुवारी. दुसरा दिवस शुक्रवार, २८ जुलै. तिथी जुळली, वार जुळला, घटना जुळली. सहीपुरतेही अक्षर न येणाऱ्या माझ्या आजीने साठ वर्षे ही शकावली तोंडी सांभाळली होती. आणि दाखल्यावर विश्वास ठेवायचा, तर पुराच्या दिवशी अक्का एक्केचाळीस दिवसांची, मांडीवर हवी!

वर्गातल्या एका मित्राने आक्षेप घेतला, की म्हाताऱ्या माणसांची आठवण हे काही साधन नव्हे. मान्य, एकटी आठवण साधन नव्हे. पण एकटा कागद तरी कुठे असतो? जेधे शकावलीही पडताळूनच स्वीकारली गेली ना? राजांच्या जन्माची घटी-पळे आपण शंभर वर्षे तपासतो, ते योग्यच आहे. मग पुरानंतर जनवाडीत राहायला गेलेल्या बाईच्या लेकीचा वार एकदा विचारून बघायला कोणाचे काय जात होते? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी घरोघर फिरून शौचालये मोजतो. त्याच वहीत एक रकाना वाढवावा : आजी-आजोबांना विचारा, कोणता सण, कोणता वार, कोणता पूर किंवा दुष्काळ. त्यांनी सांगितले तसेच आधी उतरवून घ्यावे आणि इंग्रजी तारीख त्याखाली, वेगळ्या ओळीत लिहावी. मूळ नोंद पुसली, तर पुढे चूक सापडायचा मार्गच बंद होतो. ही माणसे आता फार दिवस उत्तर द्यायला असणार नाहीत.

आत्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होती. साठाव्या वर्षी, ३१ मे २०२१ रोजी निवृत्त झाली. खरी तारीख दाखल्यावर असती तर जुलैअखेर झाली असती. मी सगळे कागद घेऊन तिच्याकडे गेलो, ज्युलियन-ग्रेगोरियनसकट सांगितले. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, “बरं, आता त्या दोन महिन्यांचा पगार किती झाला, तेवढा काढ.”