अर्धाच पाहिलेला नरनाळा

आमच्या अकोल्यात नरनाळ्याला जाऊन आलेली माणसं पुष्कळ भेटतात. त्यांना काय पाहिलं विचारा. एकजण म्हणतो, दर्ग्यावर फातेहा दिली, जेवलो, आलो. दुसरा म्हणतो, महाकाली दरवाजा पाहिला, नौगजी तोफेपाशी फोटो काढले, आलो. दोघेही एकाच गडावर गेले होते, पण दोघांनीही तो अर्धाच पाहिला. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन भावांची आणि बहिणीची अशी तीन कुटुंबं दिवसभर गडावर होतो, तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या कडेवर हा गड आहे. पायथ्याच्या शहानूर गावात वनखात्याकडे नोंद करून वर जायचं, कारण हा सगळा भाग आता अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला जोडलेला. गडावर ज्यांचा दर्गा आहे त्या बुऱ्हाणुद्दीन बाबांना लोक 'बाघ सवार वली' म्हणतात, वाघावर बसणारे. खऱ्या वाघांच्या जंगलात हे नाव ऐकून पोरं एकदम गप्प होतात.

पण खरा प्रश्न आला तो महाकाली दरवाजासमोर. पांढरट दगड, त्यावर कोरलेली कमळं, बाजूच्या सज्ज्यांना दगडी जाळ्या आणि वर अरबी अक्षरांच्या ओळी. नाव देवीचं, लिपी कुराणाची. बहिणीची मुलगी सातवीत आहे. तिने विचारलं, "मामू, हा किल्ला आपला आहे की त्यांचा?"

सातवीतल्या मुलीला हा प्रश्न स्वतःहून पडत नाही. आजूबाजूच्या हवेतून तो येतो. मोबाइलवर एकीकडून येतं, हे सगळं आमच्या बादशहांनी बांधलं. दुसरीकडून येतं, तुमचा इथे संबंध काय? दोन्ही बाजूंना दगड वाचायचा नाही, त्यावर नाव टाकायचं आहे.

दगड वाचला तर काय सांगतो? हा दरवाजा १४८७ साली बहमनी सुलतान महमूदशहाच्या काळात फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने बांधला. हा फतहुल्ला कोण? इतिहासकार फरिश्ता लिहितो की तो विजयनगरच्या एका ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान म्हणून वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये त्याने वऱ्हाडची इमादशाही उभी केली. पुढे त्याच्याच वंशातल्या बुऱ्हाण इमादशहाला त्याचा वजीर तुफाल खान याने याच नरनाळ्यावर कैदेत ठेवलं. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने इमादशाही संपवली. म्हणजे मुसलमान राजाला मुसलमान वजिराने कोंडलं आणि मुसलमान सुलतानाने त्यांचं राज्य घेतलं. नंतर मोगल आले, त्यांच्यानंतर नागपूरकर भोसले. यात 'आपले' कोण आणि 'त्यांचे' कोण, एका पोरीला समजेल असं कोणी सांगून दाखवावं.

मी माझ्या समाजालाही एक गोष्ट सांगू इच्छितो. वऱ्हाडातला आपला माणूस बागवान आहे, पिंजारी आहे, मोमीन आहे, शेतमजूर आहे. आपले पूर्वज बहुधा तख्तावर नव्हते. ते असलेच तर दगड फोडणाऱ्यांत, चुना मळणाऱ्यांत, पाणी वाहणाऱ्यांत असतील, आणि त्यांच्या शेजारी आजच्या शेजाऱ्यांचे पूर्वज तेच काम करत असतील. बादशहांचा अभिमान मिरवायची आपल्याला गरज नाही, आणि बादशहांचा हिशेब आपल्याकडे मागायचा अधिकारही कोणाला नाही. आपलं नातं आहे ते या कामाशी. दगडात खोदलेली पाण्याची टाकी, शक्कर तलाव, त्या जाळ्या ज्यांच्या हातांनी झाल्या, त्यांची नावं कुठल्याच शिलालेखात नाहीत.

म्हणून मी भाचीला म्हणालो, "बेटा, ज्याला हा वाचता येतो आणि जो हा सांभाळतो, त्याचा." तिने लगेच दरवाजाकडे बोट दाखवलं, "मग वाचून दाखवा." अरबी अक्षरं जुळवत मी दोन-तीन नावं वाचली. बाजूला अकोटकडचं एक कुटुंब उभं होतं. त्यांचा मुलगा म्हणाला, "काका, अजून वाचा ना!"

यातून एक साधी सूचना सुचते. आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा आहेत आणि उर्दू शाळाही. दोघींच्या सहली वेगवेगळ्या का जाव्यात? एक वर्ष दोन शाळांनी मिळून नरनाळ्याला जावं. उर्दूच्या मास्तरांनी दरवाजावरची अक्षरं वाचून दाखवावीत, मराठीच्या गुरुजींनी इमादशाही आणि भोसले सांगावेत. मुलांनी डबे एकत्र खावेत आणि येताना सगळा कचरा खाली आणावा. कोळशाने, खिळ्याने दगडावर आपलं नाव लिहिणारे दोन्हीकडे आहेत, त्यांना ही मुलंच उद्या अडवतील.

दर्ग्यावर जाणाऱ्यांनी पुढे दरवाजापर्यंत चालावं. दरवाजा पाहायला आलेल्यांनी दोन मिनिटं दर्ग्याच्या सावलीत बसावं. नरनाळा एका दिवसात पुरा होत नाही हे खरं, पण निदान अर्ध्यावरून परतू नये.