डायरेक्टर मी, बाकी सगळे 'विशेष आभार'!

गॅदरिंग जवळ आलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन साथी येतात. एक डोळ्यांची आणि दुसरी शॉर्ट फिल्मची!

मागच्या वर्षी मलाही लागण झाली. आठ मिनिटांची फिल्म, पात्रं दोन, लोकेशन मेस आणि गच्ची. कथा माझी, दिग्दर्शन माझं, आणि मोबाईल माझा म्हणून कॅमेराही माझाच. बाकी चौघींना म्हटलं, "तुम्ही असा गं सोबत, लागेल ते करू." लागेल ते म्हणजे काय आणि ते कोण करणार, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

पहिला रविवार मस्त गेला. दुसऱ्या रविवारी आमची हिरॉईन बॉयकट करून हजर! केस कापू नकोस हे तिला सांगायचं कुणी, हेच ठरलं नव्हतं. त्यामुळे फिल्ममध्ये ती लांब वेणी घालून मेसचं दार ढकलते आणि बॉयकटमध्ये आत येते. सीन गंभीर होता हो, पण हॉलमध्ये शिट्ट्या! खऱ्या युनिटमध्ये यासाठी वेगळा माणूस असतो, कंटिन्यूइटी बघणारा. घड्याळ कुठल्या हातात, वाटीत आमटी किती, ओढणी कुठल्या खांद्यावर, हे दर टेकला लिहून ठेवायचं. कारकुनी काम वाटतं ना? मलाही वाटायचं.

आवाजाचं तर विचारूच नका. क्लॅप म्हणजे नुसती स्टाईल असा माझा समज. पण चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर घेतला, की ते जुळवायचे कसे? पाटी मिटते ती फ्रेम आणि तो 'टक्' एकमेकांवर बसवायचे, म्हणजे ओठ आणि शब्द जुळतात. शिवाय पाटीवर सीन, शॉट, टेक लिहिलेलं असतं, म्हणून कुठली फाईल कशाची ते कळतं. आम्ही आवाज दुसऱ्या मोबाईलवर घेतला आणि पाटी धरलीच नाही. एडिटिंगला बसलो तर ४३ फाइली, सगळ्या बिननावाच्या! माझ्या रूम पार्टनरने रात्रभर जागून, नुसते ओठ बघून, त्या जुळवल्या. सकाळी तिची एम-थ्रीची टेस्ट होती.

ही परभणीकडची मुलगी. रेक्टर मॅडमची परवानगी तिने काढली, शॉटपुरता मिक्सर बंद ठेवायला मेसच्या मावशींना तिने पटवलं, वडापावचा हिशोब तिच्याच वहीत. आणि संवाद? मी पडले कॉन्व्हेंटची. मी लिहिलं होतं, "मी तुझ्यावर डिपेंड करू शकत नाही." तिने केलं, "तुझा काही भरवसा नाही बाई." हॉलमध्ये टाळी पडली ती याच वाक्याला.

शेवटी नावं आली. 'दिग्दर्शन' खाली मी एकटी, ऐटीत. ती 'विशेष आभार' मध्ये, वॉचमन काकांच्या खाली. ती एवढंच म्हणाली, "आभार? मी काय पाहुणी होते का?"

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला प्रदर्शित झाला. दादासाहेब सगळ्यांना माहीत आहेत. पण सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करायच्या, फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायची रसायनं मिसळायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायच्या. आजच्या भाषेत प्रॉडक्शन, लॅब आणि लाइट, तीन खाती एका बाईकडे! त्यांना आपण फाळक्यांची पत्नी म्हणतो आणि पुढे जातो.

काही जण म्हणतील, पाच जणींच्या फिल्मला एवढ्या पोस्ट कशाला? अहो, एकीने तीन कामं करावीत की! पण एखादं काम कुणाचंच नाही असं झालं, की ते जी बिचारी नाही म्हणत नाही तिच्या गळ्यात पडतं, आणि तिचं नाव कुठे टाकायचं ते शेवटी कुणाला कळत नाही. माझं स्पष्ट मत आहे की कथा सुचायच्या आधी कागदावर नावं लिहावीत. परवानगीच्या अर्जावरही एकच नाव असावं, म्हणजे रेक्टर मॅडमना कुणाला ओरडायचं ते माहीत असेल.

या वर्षीचा कागद आमच्या रूमच्या दाराला लावलाय. आवाज, कंटिन्यूइटी, पाटी, हिशोब, सगळ्यांसमोर नावं आली आहेत. पाटी मी धरणार आहे. दिग्दर्शनासमोर अजून कुणी नाही. संवादासमोर तिचं नाव मी पेन्सिलीने लिहिलंय, पण तिला विचारायचं अजून राहिलंय.