स्वामी नव्हे, कारभारी

विज्ञानाचे सर रजेवर असले की दहावीचा तास माझ्याकडे यायचा. मी मराठीची बाई, बी.ए. तेही मराठी माध्यमातलं! "पीयूषिका ही स्वामी ग्रंथी, बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमात" हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. आज मंडळी, ते पुसावंसं वाटतं.

कारण आमची धाकटी. १९९४ साली ती स्कूटरवरून पडली, डोक्याला मार लागला. जखम भरली, पण तहान लागली ती लागलीच. तांब्यावर तांबे रिचवायची, रात्रीतून पाच-सहा वेळा उठायची. साखर तपासली, तर ठीक. मग आम्हा घरच्यांचं निदान ठरलं.. मनाचे खेळ! एका रात्री मी तिच्या उशाचा तांब्याच उचलून ठेवला.

पुढे एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. वाटाण्याएवढी पीयूषिका, तिला नाजूक देठ, देठाच्या वर मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस. शरीरातलं पाणी राखणारं व्हॅसोप्रेसिन पीयूषिका बनवतच नाही. ते वरच्या चेतापेशी बनवतात आणि आपल्याच तंतूंमधून खाली उतरवतात. पीयूषिकेचा मागचा भाग म्हणजे नुसतं कोठार. धाकटीचा देठ दुखावला होता. या आजाराच्या नावातही 'डायबेटिस' होतं, साखरेशी संबंध नसताना! २०२२ मध्ये तज्ज्ञांनी ते बदलायचं ठरवलं.

पुढच्या भागात संप्रेरकं ग्रंथीतच बनतात, पण ती कधी सोडायची हा निरोप वरूनच, बारीक रक्तवाहिन्यांतून येतो. ते निरोप ओळखण्यासाठी गियमँ आणि शॅली यांनी मेंढ्या-डुकरांच्या मेंदूंचे लाखो तुकडे वाटले. १९७७ च्या नोबेलात दोघांचा वाटा होता. म्हणजे पीयूषिका स्वामी कसली, कारभारी!

चेतापेशी ग्रंथीसारखी स्रवते, हे अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या मेंदूवरून सांगितलं, तेव्हा पुष्कळांना पटलं नाही. त्यांच्या पत्नी बर्टा कित्येक वर्षं बिनपगारी, झुरळांवर तेच काम करत राहिल्या. (बायकांचं बिनपगारी काम.. असो.)

माझं म्हणणं एवढंच, की मुलांना 'स्वामी ग्रंथी' शिकवताना तिच्यावरचा मेंदूही त्याच चित्रात दाखवा. नाहीतर मेंदू एका धड्यात, ग्रंथी दुसऱ्यात, आणि मधला देठ कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग माझ्यासारखी शिकलेली बाईही "मनाचं आहे" म्हणून मोकळी होते.

नाकातून घ्यायचं औषध सुरू झालं आणि धाकटी रात्रभर झोपू लागली. त्या तांब्याचा विषय आम्ही दोघींनी अजून काढलेला नाही. ती इथलं सगळं वाचते, म्हणून इथेच लिहिलं.