गिनी कोंबड्यांचीं पिलें व खुराड्यांतील तंटे

गिनी कोंबडी जातीचीच भांडखोर असून ती साध्या कोंबड्यांबरोबर पाळणें म्हणजे घरांत कलह विकत आणणें होय, असें मत आपल्या शेतकरी बंधूंत बरेंच रूढ झालें आहे. चार-सहा पिलें हौसेनें आणावीं; तीं दोन-तीन महिन्यांचीं होऊन कोंबड्यांच्या पाठीस लागलीं व एखाद्याच्या शेपटीचीं पिसें उपटूं लागलीं, कीं त्यांच्या चोंची कापाव्या अथवा सगळ्यांस एकदम बाजार दाखवावा, असा क्रम ठिकठिकाणीं चालतो. आमच्या मतें ह्यांत पक्ष्याचा दोष थोडा आणि पाळणाराच्या व्यवस्थेचा दोष फार आहे. तो कसा, हें दाखविण्यासाठीं हा लेखप्रपंच.

हा पक्षी मूळचा आफ्रिका खंडांतील. तेथील मोकळ्या माळरानांत तो थव्यानें हिंडतो, दिवसभर पायांनीं चालून किडे व गवताचें बीं वेंचतो, आणि विणीचा काळ आला म्हणजे थवा मोडून नर-मादीच्या जोड्या निरनिराळ्या होतात. आपल्या देशांत बरेलीजवळ इज्जतनगर येथें १९७९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें ह्याचे कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी असे प्रकार तयार केले आहेत. लहान शेतकऱ्यास हा पक्षी सोयीचा आहे. त्यास खर्चाचें घर लागत नाहीं. आपलें बरेचसें पोट तो चरून भरतो. आवारांतील किडे व गोचिडी वेंचतो. आणि परकें माणूस किंवा जनावर आंत आलें तर ओरडून सर्वांस जागें करतो. अंड्यांचा पैसा बहुतेक घरीं स्त्रियांच्या हातीं असतो व मीठ-मिरचीपासून मुलांच्या वह्यांपर्यंतचा किरकोळ खर्च त्यांतून निघतो. तेव्हां थवा मोडून टाकण्यापूर्वीं ह्या मिळकतीचा विचार अवश्य झाला पाहिजे.

प्रथम तंट्याचें स्वरूप पाहूं. कोंबड्यांच्या कळपांत कोणी कोणास टोंचावें व कोणी मुकाट्यानें बाजूस व्हावें, ह्याचा एक क्रम ठरलेला असतो, ही गोष्ट नॉर्वे देशाच्या शेल्डरुप-एबे नामक शास्त्रज्ञानें १९२२ सालीं प्रसिद्ध केली. हा क्रम एकदां ठरला म्हणजे कळप शांत राहतो. गिनी पक्ष्यांतही असा क्रम असतो. परंतु तो ठरविण्याची रीत निराळी. कोंबडा समोर उभा राहून मान फुगवितो, दोन उड्या मारतो, आणि एकानें मान खालीं घातली कीं प्रकरण संपतें. गिनी नर मागून धांवत येतो, दुसऱ्यास दूरवर पळवितो आणि सांपडल्यास पिसें धरून ओढतो. शिवाय त्याचे सोबतीही त्याच्यामागें धांवतात. मोकळ्या रानांत पळणारा निसटून जातो व तेवढ्यावर भागतें. आठ हात लांबीच्या जाळींत तो पळून पळून कोठें जाणार? तो कोपऱ्यांत अडकतो, रक्त निघतें, आणि रक्त दिसतांच इतर पक्षीही त्याच जागीं टोंचूं लागतात.

महसुली दप्तरांत कारकुनी करीत असतां बांधाचे शेंकडों तंटे आमच्या हाताखालून गेले. त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं हद्दीची खूण नाहींशी झालेली असे. मोजणी होऊन दगड पुन्हां बसला, कीं माणसें तींच व जमीन तीच राहूनही तंटा मिटे. खुराड्यांतही हाच न्याय आहे. जागा, दाणा, पाणी व रात्रीची बैठक ह्यांची वांटणी नीट झाली, तर पक्ष्यांचा स्वभाव न पालटतां भांडण निवळतें.

दोन्ही जातींचीं पिलें पहिल्या दिवसापासून एकत्र वाढवावीं कीं वेगळीं, ह्याविषयीं मतभेद आहे. एकत्र वाढविण्यांत एक मोठा लाभ आहे. गिनी मादी आई म्हणून निष्काळजी असते. ती पिलांस दंवानें ओल्या गवतांतून फिरविते व गारठून पिलें मरतात. खुडुक कोंबडी त्यांस ऊब देते आणि सायंकाळीं खुराड्यांत परतण्याची संवयही लावते. गिनीचें अंडें फुटण्यास २६ ते २८ दिवस व कोंबडीचें फुटण्यास २१ दिवस लागतात. म्हणून एकत्र वाढवावयाचीं असल्यास गिनीचीं अंडीं सहा दिवस आधीं बसवावीं, म्हणजे सर्व पिलें एका वयाचीं निघतील. लहान-मोठ्या वयाचीं पिलें एकत्र कोंडणें हें भांडणाचें बीजारोपणच होय. परंतु ह्या पद्धतींत एक धोकाही आहे. एकटेंदुकटें गिनी पिलूं कोंबड्यांत वाढलें, तर तें कोंबड्यांसच आपला थवा समजतें आणि मोठें झाल्यावर कोंबड्यास प्रतिस्पर्धी मानून त्याच्याशीं झुंजतें. यास्तव गिनी पिलें निदान सहा-आठ तरी एकत्र असावीं. आमचें मत असें कीं, पहिले सहा आठवडे कोंबडीखालीं एकत्र वाढवावीं, पुढें दिवसां चरण्यास एकत्र सोडावीं, आणि रात्रीची जागा मात्र जाळी घालून वेगळी करावी.

दुसरी गोष्ट आहाराची. गिनी पिलांस पहिल्या चार आठवड्यांत शेंकडा २४ ते २६ प्रथिनांचें खाद्य लागतें. अंड्यांसाठीं वाढविलेल्या कोंबडीच्या पिलांस शेंकडा २० पुरतें. घरच्या कण्या व ज्वारीचा भरडा ह्यांवरच ठेवलेलीं पिलें उपाशीं राहत नाहींत, पण त्यांच्या अंगास प्रथिनें कमी पडतात, आणि हें न्यून तीं एकमेकांचीं पिसें खाऊन भरून काढूं पाहतात. खाद्यांत मीठ कमी पडलें तरी असेंच होतें. शेंगदाण्याची चांगली, बुरशी नसलेली पेंड, सुकटीचा चुरा अथवा वाळवी ह्यांची जोड दिल्यास बराच फरक पडतो. दाण्याचीं भांडीं एकाच्या जागीं दोन-तीन करून एकमेकांपासून दूर ठेवावीं, म्हणजे एकच दांडगा पक्षी सर्वांवर पहारा करूं शकत नाहीं. मोठ्या पक्ष्यास निवाऱ्यांत प्रत्येकीं दोन ते तीन चौरस फूट जागा, बसण्यास उंच दांड्या आणि लपण्यास कडब्याच्या एक-दोन पेंढ्या असाव्या. उबेसाठीं दिवा लावणें झाल्यास पांढऱ्या झगझगीत दिव्यापेक्षां तांबडा बरा; त्याच्या उजेडांत रक्त उठून दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट नरांच्या संख्येची. ह्या जातींत नर-मादी रूपावरून ओळखणें कठीण. पण सुमारें दोन महिन्यांनंतर आवाजावरून ओळख पटते. मादी दोन तुकड्यांचा आवाज काढते. नर तसा कधींच काढीत नाहीं. चार-पांच माद्यांस एक नर पुरे. दिवस मोठे होऊन विणीचा काळ जवळ आला म्हणजे नरांची चढाई वाढते. म्हणून जास्त असलेले नर माघ महिन्यापूर्वींच विकून टाकावे. त्या वेळीं त्यांस किंमतही येते आणि मागें राहिलेल्यांस स्वस्थता मिळते.

इतकें करूनही मारामारी झालीच, तर लोक जखमी पक्ष्यास वेगळें काढतात व मारणारास तेथेंच ठेवतात. हें उलट आहे. जखमेस औषध लावून ती भरेपर्यंत त्या पक्ष्यास जाळीपलीकडे, सर्वांच्या नजरेसमोरच ठेवावें. दृष्टीआड गेलेला पक्षी परत येतो तो परका होऊन, आणि पुन्हां मार खातो. मारणारास मात्र चार-सहा दिवस दुसरीकडे न्यावें, म्हणजे परत आल्यावर त्याचा पहिला मान राहत नाहीं. चोंच कापण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. चोंचेंत संवेदना असते व कापतांना पक्ष्यास वेदना होतात. ज्या हत्यारानें तो किडे वेंचून आपला खर्च भागवितो तेंच बोथट होतें. आणि पाठलाग तर पायांनीं होतो, तो चोंच कापून कसा थांबणार? सर्व उपाय होऊनही एखादा नर सुधारत नाहीं, असेंही घडतें. तेव्हां तो एक विकावा. त्याच्या अपराधासाठीं सर्व थव्यास शिक्षा देऊं नये.

शेवटीं आपल्या संस्थेच्या चालकांस एक विनंती. सभासदांस गिनी पिलें देणें झाल्यास तीं एक-एक दोन-दोन न देतां आठांच्या गटानें द्यावीं, आणि प्रत्येक गटाबरोबर पहिल्या चार आठवड्यांचें योग्य खाद्यही विकत घेण्याची अट ठेवावी. आरंभीं खर्च थोडा वाढेल व कांहीं सभासद कुरकुरतीलही. परंतु तीन महिन्यांनीं रागाच्या भरांत थवा विकून टाकण्यापेक्षां हा खर्च स्वस्त आहे, हें ज्या घरांतील अंड्यांचा पैसा बंद पडला आहे त्या घरच्या गृहिणीस विचारल्यास ती हिशेबासह सांगेल.