घरखर्चाची वही : मंदी सरली का? आधी आपलं नाव तपासा

नीलगिरी सर्कलला चहा घेताना हल्ली एकच प्रश्न कानावर येतो, "काय भाऊ, मंदी सरली का?" रिंग रोडच्या मार्केटात साड्यांची पार्सलं बांधणारा म्हणतो, बरं चाललंय. लूमवर बारा तासांची पाळी करणारा म्हणतो, खातं चालू आहे, पण मीटरचा भाव तोच. हिऱ्याच्या कारखान्यातला नुसती मान हलवतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, पण त्याचं काम त्याच्या आधीपासूनच कमी झालं होतं.

तिघंही खरंच बोलतात. मंदी आली की सगळ्यांच्या घरी एकदम येते. जाताना मात्र रांगेनं जाते. आधी व्यापाऱ्याची उधारी सुटते, मग लूमवाल्याचं बिल निघतं, मग कारागिराच्या पाळ्या वाढतात आणि सगळ्यात शेवटी त्याचा भाव वाढतो.

याचं ताजं उदाहरण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. सुरतचं कापड बहुतेक याच धाग्याचं. आधी लूमवाला १२ टक्के कर भरून धागा घ्यायचा आणि ५ टक्के कर लावून कापड विकायचा. मधल्या फरकाचे पैसे सरकारकडे अडकायचे, परताव्यासाठी खेटे घालावे लागायचे. आता ते अडकणं कमी झालं. पण त्याचा फायदा लूमवर उभ्या असलेल्या माणसाच्या पगारात आपोआप उतरत नाही. मी लहान धंद्यांचे जमाखर्च लिहितो, म्हणून सांगतो, मालकाच्या हातात पैसा मोकळा झाला की तो पहिल्यांदा जुनी देणी फेडतो. आपणही तेच करायला हवं.

म्हणून पहिलं काम कर्जाचं. आपल्या भागात अडीनडीला शेकड्याला पाच रुपये महिना व्याजानं पैसे उचलतात. ऐकायला "पाच टक्के" वाटतं, पण ते वर्षाला ६० टक्के होतं. २० हजार घेतले तर वर्षभरात १२ हजार नुसतं व्याज, मुद्दल जागेवर. तेवढीच रक्कम बँकेत सोनं ठेवून घेतली आणि व्याज दहा टक्के धरलं, तर वर्षाचे दोन हजार होतात. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलंय. आईची पोत गहाण ठेवायला जीव होत नाही, हे कळतं. पण पोत कपाटात आणि व्याज गल्लीतल्या माणसाला, हा हिशोब तिलाच एकदा कागदावर मांडून दाखवा. मात्र सोडवायची तारीख ठरवूनच ठेवा. पाळ्या वाढल्या की पहिला जादा पैसा नव्या मोबाइलच्या हप्त्यात जाऊ देऊ नका. महागडं कर्ज आधी.

दिंडोली, गोडादराकडे फ्लॅट घेतलेल्यांसाठी दुसरी गोष्ट. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. तुमचं कर्ज बदलत्या दराचं असेल तर तुमचा दर उतरला का, हे विचारा. खासगी वित्त कंपनीचं कर्ज असेल तर नक्कीच विचारा, तिथे दर आपोआप उतरेलच असं नाही. १५ लाखांचं २० वर्षांचं कर्ज घ्या. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता साधारण १३,९८० रुपये बसतो. दर सव्वाआठ झाला तर १२,७८० बसतो, म्हणजे महिन्याला १,२०० कमी. घर चालवणं जड जात असेल तर हप्ता कमी करून घ्या. जमत असेल तर जुनाच हप्ता भरत राहा. हा दर टिकला तर कर्ज जवळजवळ पावणेचार वर्षं आधी फिटतं.

आता मुख्य मुद्दा. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीतल्या दोन साडूंचं जे झालं, ते मी विसरलेलो नाही. दोघांची कमाई सारखीच. थोरला पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, पीएफ कापला जायचा, त्यावरून तो रोज कुरकुर करायचा. धाकटा एम्ब्रॉयडरी मशिनवर, सगळा पगार रोख, हातात दोन हजार जास्त. काम बंद पडलं तेव्हा सरकारनं पीएफमधून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांत जी कमी असेल ती उचल घ्यायची सवलत दिली. थोरल्यानं ती घेतली आणि भाडं भरलं. बँकांच्या कर्जदारांना सहा महिने हप्ते पुढे ढकलता आले. धाकट्याकडे ना पीएफ, ना बँकेचं कर्ज. त्यानं शेकडा पाचनं पैसे उचलले. त्याचं रेशनकार्ड शिंदखेडा तालुक्यातल्या गावी. "गावचं कार्ड इथे कुठे चालतं?" म्हणून तो दुकानात गेलाच नाही. खरं तर एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालवायचा पहिला प्रयोग ऑगस्ट २०१९ मध्ये ज्या दोन जोड्यांत झाला, त्यातली एक महाराष्ट्र-गुजरात होती! सोय आपल्यासारख्यांसाठीच होती आणि आपल्यालाच ठाऊक नव्हती. ते कर्ज फेडायला धाकट्याला तीन वर्षं लागली, आणि त्यात मोठ्या मुलीचं कॉलेज सुटलं.

दोघं सारखेच कष्टाळू होते. फरक एवढाच की थोरल्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं होतं. मदत असो, सवलत असो, ती नाव बघून येते. म्हणून घरातल्या तरुण मंडळींनी येत्या रविवारी एक तास काढून आईवडिलांची तीन नावं तपासावीत.

पहिलं नाव पगाराच्या नोंदीत. वीस किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पीएफ लागू होतो. १५ हजार पगारावर कामगाराचे १,८०० कापले जातात आणि मालकाला तेवढेच घालावे लागतात. त्याच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात; दहा वर्षं नोकरी भरली की पुढे पेन्शनचा हक्क लागतो. "पीएफ कापू नका, हातात द्या" म्हणणारा स्वतःचे नाही, मालकाचेही पैसे सोडतो. वडिलांचा यूएएन नंबर शोधा. जुन्या मिलमधला विसरलेला पीएफ अनेकांचा तसाच पडून असतो. जिथे पीएफ लागूच नाही, तिथे निदान ई-श्रम नोंदणी करा आणि बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा व ४३६ रुपयांचा जीवन विमा सुरू करा. दोन्ही दोन-दोन लाखांचे आहेत. जीवन विम्यात पन्नाशीपर्यंतच शिरता येतं, तेव्हा वडिलांचं वय बघून घ्या.

दुसरं नाव रेशनकार्डावर. कार्ड अन्नसुरक्षा योजनेतलं असेल आणि आधारची जोडणी पूर्ण असेल, तर धान्य लिंबायतच्या दुकानातही मिळतं. काही माणसं गावी असतील तर त्यांनी त्यांचा वाटा तिथे घ्यावा.

तिसरं नाव मतदार यादीत. इथे आपण सगळेच चाचरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरातमध्ये यादीची विशेष सखोल तपासणी सुरू झाली, तेव्हा अनेक घरांत वाद झाले. आबा म्हणणार, गावचं नाव काढायचं नाही, सरपंचाच्या निवडणुकीत भाऊबंद काय म्हणतील? पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असू शकतं, आणि ते तो जिथे नेहमी राहतो तिथलं. दोन्हीकडे नाव ठेवणं ही हुशारी नव्हे. खोटं लिहून दिलं तर शिक्षा आहे.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. पावसाळ्यात मिठी खाडी भरली की पाणी कोणाच्या घरात शिरतं? गावच्या भाऊबंदांच्या की आपल्या? मुलं महापालिकेच्या शाळेत जातात ती इथल्या. आपलं लिंबायत सुरत शहरात असलं तरी लोकसभेला नवसारीत मोडतं, हेसुद्धा आपल्यापैकी अनेकांना माहीत नसतं. आमदार आणि खासदार दोघंही मराठी आडनावाचे, म्हणून आपली कामं आपोआप होतील असं समजू नका. कारखान्यात पीएफ का नाही, खाडीचं पाणी का शिरतं, हे त्यांना जाऊन विचारायचं, तर ज्याचं नाव इथल्या यादीत आहे त्याच्या बोलण्याला वजन येतं. मत कोणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ते कुठे द्यायचं हे मात्र आता ठरवून टाका. राहण्याची जागा बदलली असेल तर फॉर्म ८ भरायचा असतो.

गाव सुटत नाही, सुटूही नये. उधन्याहून तापी लाइनची गाडी पकडून लग्नाला, जत्रेला जाऊच. शेताचा तुकडाही राहू द्या. पण आपलं पोट जिथे भरतं तिथल्या वहीत आपलं नाव हवं. ती धाकट्या साडूची मुलगी आता मार्केटात कॉम्प्युटरवर बिलं बनवते. नोकरीला लागताना तिनं मालकाला पहिला प्रश्न पीएफचा विचारला. मालकानं थोडे आढेवेढे घेतले, मग फॉर्म दिला. घरी येऊन तिनं तो आधी वडिलांना दाखवला.