पिवळा इशारा, आडवी ज्वारी

फाल्गुन सरत आला की हवामान खात्याच्या नकाशावर बीड जिल्हा एकदा तरी पिवळा होतो. सोबतची वाक्येही ठरलेली असतात. मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, वाऱ्याचा वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर, एखाद्या ठिकाणी गारपीट. पुढच्या चार-पाच दिवसांचा हा अंदाज मोबाइलवर येतो तेव्हा शिरूर कासार, पाटोदा, आष्टीच्या शिवारात ज्वारी उपटून आडवी पडलेली असते. कणसे मोडायची असतात, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या असतात. हरभऱ्याचे ढीग मळणी यंत्राची वाट पाहत असतात. उन्हाळ कांदा कुठे पोसत असतो, कुठे काढणीला आलेला असतो. आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात. एरवी थेंबाथेंबासाठी आभाळाकडे बघणारा हा जिल्हा वर्षातले हे काही आठवडे मात्र पाऊस नको म्हणून हात जोडतो.

हवामान खात्याची टिंगल करणे हा आपला जुना छंद आहे. खात्याने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद आता इतका शिळा झाला आहे की तो सांगणाऱ्यालाही हसू येत नाही. वस्तुस्थिती अशी की वसंतातल्या वादळी पावसाचा अंदाज बराच सुधारला आहे. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात सरकतो, उंचावर थंड हवा येते. खाली जमीन तापलेली असते. अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पाचे वारे मध्य भारतापासून खाली दक्षिणेपर्यंतच्या एखाद्या पट्ट्यात एकमेकांना भेटतात. एवढी सामग्री जुळून येत आहे, हे तीन-चार दिवस आधी सांगता येते आणि खाते ते सांगतेही. सांगता येत नाही ते एवढेच, की ढग नेमका धारूरच्या घाटावर उभा राहणार की वडवणीच्या माळावर. पिठले रटरटायला लागले हे दिसते. पहिला बुडबुडा कढईत कुठे फुटेल हे कुणी सांगावे? दुपारी तीनला आभाळ स्वच्छ, साडेचारला अंधारून येते, पाचला वीस मिनिटांत एका शिवाराची चाळण होते, आणि ओढ्यापलीकडचा शेतकरी धुरळा झटकत घरी जातो. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा खात्याच्या हिशेबातला अर्थ एकूण ठिकाणांपैकी फार तर चौथा हिस्सा असा आहे. उरलेल्या तीन हिश्शांना अंदाज खोटा ठरल्यासारखा वाटतो. पुढच्या वेळी ते कडबा उघडा ठेवतात.

आता त्या रंगांकडे पाहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ही उतरंड जिल्हाधिकारी कार्यालयासाठी ठीक आहे. आडव्या पडलेल्या ज्वारीसाठी ती उलटी आहे. तीन एकरांतली ज्वारी गोळा करून झाकायची तर माणसे गाठायला एक दिवस आणि कामाला दोन दिवस लागतात, म्हणजे जे करायचे ते पिवळ्यातच करायला हवे. लाल रंग दिसेल तो बहुधा तात्काळ इशाऱ्यात, आणि त्या इशाऱ्याची मुदत असते तीन तासांची. तीन तासांत माणूस स्वतःला वाचवू शकतो, जनावरे सोडून गोठ्यात आणू शकतो. वीज कुठे पडते आहे हे सांगणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ॲप त्यासाठी खरोखर उपयोगाचे आहे. कडकडाट सुरू झाल्यावर चिंचेखाली जाऊन बसायचे नाही, एवढे जरी प्रत्येक वस्तीवर पोचले तरी काही घरे वाचतील. पीक मात्र तीन तासांत वाचत नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. सल्ला चांगला असतो. काढणी झालेला माल सुरक्षित ठिकाणी ठेवावा, असे त्यात हमखास असते. सुरक्षित ठिकाण म्हणजे कुठले? ज्याचे घर दोन खणांचे आणि वर पत्रा, त्याने शंभर-दोनशे पेंढ्या कुठे न्याव्यात? ताडपत्रीने गंज झाकता येते, पसरलेले रान झाकता येत नाही. आणि पावसाने दाणा काळा पडला तर निदान पडत्या भावात विकता येतो. भिजून बुरसलेल्या कडब्याला जनावर तोंड लावत नाही. रब्बी ज्वारी हे बीडमध्ये निम्मे माणसाचे आणि निम्मे बैलाचे पीक आहे. शेकड्याने विकला जाणारा कडबा हाच अनेकदा त्या रानातला खरा पैसा असतो. नुकसानीचा हिशेब करताना मात्र दाण्याचे क्विंटल तेवढे मोजले जातात.

शिवाय सल्ला वाचणार कोण आणि अमलात आणणार कोण? या जिल्ह्यातून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडल्यावर म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये कधीतरी ती परततात. बीडचा पिवळा इशारा येतो तेव्हा त्या शेताचा मालक असतो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या उसाच्या फडात. त्याच्या मोबाइलवर ढगाचे चित्र दिसते, रान आपलेच आहे हेही त्याला कळते, पण मुकादमाची उचल अंगावर असताना तो गाडी सोडून येऊ शकत नाही. घरी म्हातारा-म्हातारी असतात. मजूर शोधावेत तर शेजारच्या प्रत्येकाला त्याच दिवशी हवे असतात. आणि तो स्वतः जिथे आहे तिथल्या कोपीवर कोसळणारे वादळ दुसऱ्या जिल्ह्याच्या अंदाजात असते. हवामानाच्या अंदाजावर बोलताना आपण ढग, वारे, उपग्रह यांच्याबद्दल पुष्कळ बोलतो. इशारा ऐकून धावणारे हात त्या आठवड्यात गावात आहेत का, हे कुणी विचारत नाही.

अंदाज अधिकृत असो वा नसो, गावाला तो हवाच असतो. पाडव्याला पंचांगातले संवत्सरफल वाचले जाते, अक्षय्य तृतीयेनंतर बुलढाण्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत वर्तमानपत्रांत येते, आणि अलीकडे परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख यांचा अंदाज गावोगावच्या मोबाइलवर फिरतो. यातले शास्त्रीय किती, हा वाद होत राहील. तारीख घालून, तालुक्याचे नाव घेऊन, आपल्या बोलीत कुणीतरी सांगते याचे आकर्षण मोठे असते, हे पुण्या-मुंबईच्या हवामान कार्यालयांनी समजून घ्यायला हरकत नाही. नेमके हेच काम करण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान कक्ष उभे राहिले होते. देशभरात त्यांची संख्या १९९ होती. २०२४च्या सुरुवातीला केंद्राने ते गुंडाळायचे ठरवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतनिहाय हवामान अंदाजाची योजना सुरू झाली. समजावून सांगणारा माणूस हटवायचा आणि त्याच्या जागी ॲप ठेवायचे, ही आपल्या कारभाराची आवडती सुधारणा आहे. गावाचा अंदाज ॲपमध्ये आहे. गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो रोज लिहिला जातो का, देवळाच्या भोंग्यावरून सांगितला जातो का, हे एखाद्या गटविकास अधिकाऱ्याने एकदा फिरून पाहावे.

इशारा एकीकडे आणि गरज दुसरीकडे, हे उन्हाच्या बाबतीतही दिसते. सपाट प्रदेशात तापमान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त, तेव्हा उष्णतेची लाट म्हणायची, किंवा पारा सरळ ४५ला टेकला तर. ज्या गावाची मे महिन्यातली सरासरीच चाळिशीत, तिथे ४३ अंशांनी हा निकष पुरा होत नाही. लाट नाही म्हणून इशारा नाही, इशारा नाही म्हणून रोजगार हमीच्या कामाची वेळ बदलत नाही.

पण या सगळ्याहून मोठी विसंगती आहे ती विम्याची, आणि तिच्याबद्दल बीडने तरी गप्प बसू नये. पीक विम्यात ‘बीड पॅटर्न’ हे नाव या जिल्ह्याने दिले. विमा कंपन्या पुढे येईनात तेव्हा २०२०च्या खरिपात इथे वेगळी रचना झाली. भरपाई गोळा झालेल्या हप्त्याच्या ११० टक्क्यांपलीकडे गेली तर वरचा भार सरकारचा. ८० टक्क्यांच्या आत राहिली तर कंपनीने आपला वाटा ठेवून बाकी रक्कम सरकारला परत करायची. पुढे हाच साचा राज्यभर गेला. मग एक रुपयात विमा आला, त्यात बोगस अर्जांचे पीक आले आणि त्या बदनामीतही बीडचे नाव आघाडीवर राहिले. अखेर २०२५च्या उन्हाळ्यात राज्याने योजना बदलली. एक रुपया गेला, त्याबद्दल फार रडण्याचे कारण नाही. रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकरी पूर्वीही भरत होता. खरे गेले ते दुसरेच. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान ही दोन्ही संरक्षणे काढून टाकली गेली. पूर्वी गारपीट झाली की ७२ तासांत कळवायचे, पाहणी व्हायची, त्या शेताचे नुकसान त्या शेतापुरते मोजले जायचे. काढून रानात वाळत ठेवलेल्या पिकालाही अवकाळी पावसापासून १४ दिवसांचे संरक्षण होते. आडव्या ज्वारीसाठीच जणू ती तरतूद लिहिली होती. तक्रारी होत्या, विलंब होता, पाहणीला येणाऱ्याची मनधरणी होती. तरी वाट होती. आता भरपाई ठरणार ती पीक कापणी प्रयोगांतून निघालेल्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर.

गारपीट सरासरीत पडत नाही. मंडळातल्या तीन-चार गावांची ज्वारी झोडपली गेली आणि बाकीच्या गावांत ती उत्तम पिकली, तर सरासरी उत्तमच येते. कापणी प्रयोग संपल्यावर पाऊस आला, तर तो कागदावर येतच नाही. मंडळातले स्वयंचलित केंद्र पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता मोजते. गारेचा आकार मोजत नाही. अतिवृष्टीचा निकष २४ तासांत ६५ मिलिमीटर. गारांच्या माऱ्यात रान उद्ध्वस्त झाले तरी पर्जन्यमापकात कधी कधी दहा-बारा मिलिमीटरच दिसतात. मग उरते ती आपत्ती निधीची मदत. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांनी पंचनामा करायचा, ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान दाखवायचे, आणि केंद्राच्या निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तेही दोन हेक्टरांपर्यंत. राज्याने कधी मेहरबानी केली तर थोडे अधिक. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यासह बहुतेक महाराष्ट्राला गारांनी झोडपले, तेव्हा लोकसभेची आचारसंहिता लागली होती आणि मदत द्यायलाही निवडणूक आयोगाला विचारावे लागले होते. मदत ही अशी कुणाच्या तरी सोयीवर असते. विमा हा करार असतो. म्हणून तो हवा.

विमा योजना बदलली त्याच २०२५च्या मे महिन्यात ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाला अर्पण झाली. पुण्यात घडलेले हे प्रारूप वातावरणाकडे १२ऐवजी ६ किलोमीटरच्या चौकटीतून पाहते. अभिमानाची गोष्ट आहे. म्हणजे ढग बारीक नजरेने पाहायची सोय झाली त्याच उन्हाळ्यात ढगाने केलेले नुकसान जाड्या सरासरीने मोजायचे ठरले. अंदाज गावापर्यंत आणि भरपाई मंडळापर्यंत, हे गणित शेतकऱ्याला कुणी समजावणार आहे का? उद्या ‘तुम्हाला इशारा तर दिला होता’ हे वाक्य त्याला ऐकवले जाईल, आणि ते खरेही असेल.

करण्यासारखे फार अवघड नाही. बाजार समित्यांचे शेड आणि गोदामांतली मोकळी जागा या दीड-दोन महिन्यांत पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशी गावांसाठी खुली करता येते. ताडपत्रीचे अनुदान पावसाळ्याच्या तोंडावर देण्याऐवजी माघात देता येते. ऊसतोडीला गेलेल्यांच्या गावांत काढणीची सामुदायिक यंत्रे आधी पाठवता येतात. हे जिल्हा पातळीवर होऊ शकते. गारपीट आणि काढणीपश्चात पावसाचे संरक्षण पुन्हा विम्यात आणणे मात्र मुंबईच्या हातात आहे, आणि तो निर्णय पुढच्या रब्बीची अधिसूचना निघण्यापूर्वी व्हायला हवा. त्यासाठी हप्ता थोडा वाढला तरी चालेल, पण ज्याचे रान झोडपले त्याचे रान मोजले गेले पाहिजे. बीड जिल्ह्यात सहा आमदार आहेत. त्यांचे आपसात पटणे अवघड आहे, हे महाराष्ट्र जाणतो. निदान ही एक मागणी त्यांनी सहा तोंडांनी पण एका शब्दात करावी.